टर्बाइन जेटमध्ये स्मोक बसवलाय, पण धूर निळसर आणि पातळ येतोय

उनाड_पतंग, ह्यूस्टन

नमस्कार मंडळी. तीन वर्षं टर्बाइन इंजिनाची रिमोटवरची मॉडेल जेट उडवतोय, पण स्मोक (मागे धुराची रेघ सोडणारी जोडणी) पहिल्यांदाच बसवलाय आणि अडकलोय. इथे जेटवाले मोजकेच आहेत, पण जे आहेत ते जाणते आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

विमान हॉक (हवाई दलाचं प्रशिक्षण जेट), १:५ स्केल. पंखांचा विस्तार दोन मीटरला जेमतेम कमी, टाक्या भरून वजन १४ किलोच्या आसपास, टर्बाइन १४० न्यूटनचं. रंग सूर्यकिरणचा, म्हणजे भारतीय हवाई दलाच्या कसरती टीमचा, लाल-पांढरा. २०११ साली येलहंकाला एअरो इंडियात सूर्यकिरणची नऊ किरण विमानं पाहिली होती. त्यानंतर ती विमानं थांबली आणि पुढे काही वर्षांनी टीम हॉकवर पुन्हा उभी राहिली. त्या दिवशी बाबा शेजारी मान वर करून उभे होते आणि एवढंच म्हणाले होते, "रेघ बघ, रेघ." विमानं नजरेआड झाली तरी रेघ तिथेच होती. बाबा नोव्हेंबरात इकडे येतायत. ती रेघ मला माझ्या हॉकमागे काढून दाखवायची आहे.

जोडणी अशी आहे. ७०० मिलीची वेगळी टाकी, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीच्या किंचित मागे. गिअर पंप, त्याचा कंट्रोलर रिसीव्हरच्या सातव्या चॅनलवर, वीज इसीयूच्याच (टर्बाइन सांभाळणाऱ्या संगणकाच्या) बॅटरीतून. तिथून ४ मिमी पॉलियुरेथेन नळी आणि शेवटी ३ मिमीची पितळी नळी. तिचं टोक टर्बाइनच्या एक्झॉस्ट कोनमध्ये (झोत बाहेर पडतो त्या शंकूसारख्या तोंडात) आत घातलंय, साधारण ३ सेंटीमीटर. जितकं आत तितकं गरम, आणि जितकं गरम तितका धूर जास्त, असा माझा हिशेब होता. ट्रान्समीटरवर मिक्स लावलंय: थ्रॉटल ५०% च्या वर आणि स्विच चालू असेल तरच पंप चालतो.

अडचणी तीन.

१. धूर निळसर, पातळ. शंभर फुटांवर विरून जातो.
२. उतरल्यावर शेपटीखालचा भाग तेलकट. पांढऱ्या रंगावर पिवळट ओघळ.
३. ही खरी काळजीची. परवा दुसऱ्यांदा स्टार्ट करताना थ्रस्ट ट्यूबमधून (टर्बाइनचा झोत शेपटीबाहेर नेणाऱ्या नळीतून) हातभर ज्वाळ आली. आमच्या काउंटीत तेव्हा बर्न बॅन (उघड्यावर आग पेटवायला बंदी) होता, गवत कोरडं ठणठणीत. दोन सेकंदांत विझली, पण हात थरथरत होते. तेव्हापासून विमान उडवलेलं नाही.

पंप कमी पडतोय का? मोठा घेऊ?

-----

मुठाकाठ, पुणे

वाचतोय. माझ्याकडे अजून फोमचं ईडीएफच (विजेच्या पंख्यावर उडणारं जेट) आहे, पण हे कधीतरी करायचंय. वाचनखूण साठवली.

-----

झोत, श्टुटगार्ट

पतंगा, मोठा पंप अजिबात घेऊ नकोस. तुझ्या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. तेल आणि झोत यांची गाठ चुकीच्या जागी पडतेय, आणि काही वेळा झोत नसतानाच तेल येऊन बसतंय. पंप वाढवलास तर फक्त ज्वाळ वाढेल.

आधी जागेबद्दल. कोनमध्ये ३ सेंटीमीटर आत म्हणजे टर्बाइन व्हीलच्या अगदी पाठीला. तिथे ६०० अंशांच्या वर तापमान आणि वायूत भरपूर ऑक्सिजन शिल्लक. आपली टर्बाइनं ज्वलनाला लागते त्याच्या कितीतरी पट हवा ओढतात. त्यामुळे तेलाची वाफ होण्याऐवजी त्यातलं बरंचसं जळून जातं. निळसर पातळ धूर ही जळक्या तेलाची खूण आहे. आणि एकाच नळीने एकाच बाजूला तेल सोडलंस की जे जळत नाही ते झोतात नीट न मिसळता ट्यूबच्या भिंतीला लागतं, तिथून ओघळत मागे येतं. ते तुझे पिवळट ओघळ.

टोक कोनच्या बाहेर घे. कोनची कड जिथे संपते आणि थ्रस्ट ट्यूबचं बेलमाउथ (पुढचं पसरट तोंड) जिथे सुरू होतं, त्या फटीत. टोक झोतात ५ मिमीच शिरलेलं हवं, तोंड थोडं मागे कललेलं. एकाऐवजी दोन नळ्या समोरासमोर लाव, तीन आणि नऊ वाजताच्या जागी. सहा वाजताच्या जागी कधीच नको, कारण थेंब तिथेच साठतो. पितळ काढून स्टेनलेस घे. पितळ वितळणार नाही, पण त्या उष्णतेत मऊ पडतं, थरथरीने वाकतं आणि वाकलेल्या नळीचं तोंड कुठे वळेल ते सांगता येत नाही. जोड द्यायचाच असेल तर चांदीच्या डागाचा. साधा सोल्डर दोनशे अंशांच्या आतच पाणी होतो. आणि धातूची नळी टर्बाइनच्या पुढच्या थंड बाजूपर्यंत आण, मगच पॉलियुरेथेन जोड. माझ्या हातातल्या एका विमानात ही नळी मध्येच, टर्बाइनच्या पोटाशी जोडलेली होती. उघडलं तर नळी केसिंगकडच्या बाजूने तुपासारखी मऊ झालेली, बोटाने दाबली की खड्डा तसाच राहत होता.

-----

रेवा_न, एडिसन

मी जेट उडवत नाही, नवरा उडवतो. पण माझा विषय रसायनशास्त्र, म्हणून थोडं लिहिते.

धूर म्हणतो खरं, पण हे धुकं आहे. तेलाची आधी पूर्ण वाफ व्हायला हवी, आणि ती वाफ बाहेरच्या थंड हवेत शिरताक्षणी पुन्हा थेंब व्हायला हवेत, मायक्रॉनच्या आसपासचे. एवढे बारीक थेंब प्रकाशातले सगळेच रंग सारखे विखुरतात, म्हणून धूर पांढरा शुभ्र दिसतो. उष्णता कमी पडली तर थेंब मोठे राहतात आणि खाली पडतात. तेल जळलं तर थेंब बनायला वाफच उरत नाही. दोन्हीच्या मधली ती अरुंद पायवाट पकडायची.

मग ६०० अंशांत तेल पेट का घेत नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. डिझेल तर साधारण २१० अंशांनाच आपसूक पेटू शकतं. उत्तर वेळेत आहे. फुल थ्रॉटलला झोताचा वेग सेकंदाला चारशे मीटरच्या घरात असतो. एक मीटरची ट्यूब तेल तीन-चार मिलिसेकंदांत पार करतं, शिवाय बेलमाउथमधून शिरणारी थंड हवा त्यात मिसळत जाते. पेटायला लागणारी उसंतच मिळत नाही. झोत मंदावला की तीच उसंत मिळते. तुमची ज्वाळ तिथून आली असावी.

तेल कुठलं वापरताय?

-----

उनाड_पतंग

रेवाताई, डिझेलच आहे, पेट्रोल पंपावरचं साधं. स्वस्त पडतं म्हणून.

झोतदादा, तुमचं वाचून आत्ता गॅरेजमध्ये जाऊन आलो. विमान आठवडाभर स्टँडवर तसंच होतं, टाकीत अर्ध्याहून जास्त डिझेल. टॉर्च लावून ट्यूबमध्ये पाहिलं. पितळी नळीच्या तोंडाशी एक थेंब लटकत होता. मी बघत असताना तो पडला आणि मिनिटभरात दुसरा आला. ट्यूबच्या तळाशी कागदी रुमाल फिरवला तर अख्खा भिजला. पंप बंद, बॅटरी काढलेली, तरी तेल येतंय.

-----

ओझरवाला, नाशिक

सायफन. टाकीची पातळी नळीच्या तोंडापेक्षा वर असली की तेल आपोआप उतरतं, बंद गिअर पंप त्याला पूर्णपणे अडवत नाही. त्यात उन्हात ठेवलेलं विमान असलं की टाकीतली हवा आणि तेल फुगतं आणि ढकलायला मदत करतं. तुमची दुसऱ्या स्टार्टची ज्वाळ हीच. पहिल्या उड्डाणानंतर विमान थोडा वेळ उभं राहिलं असेल, तेवढ्यात ट्यूबमध्ये चमचाभर तेल जमलं आणि स्टार्टच्या ज्वाळेने ते पेटवलं.

पंप आणि नळी यांच्यामध्ये स्प्रिंगचा वन-वे व्हॉल्व्ह टाका, आतलं सील व्हिटॉनचं (तेलाला टिकणाऱ्या रबराचं) बघून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे सोलेनॉइड व्हॉल्व्ह, विजेवर उघडणारा आणि वीज नसताना बंद राहणारा. दोन्ही लावलेत तर निर्धास्त. आणि सिलिकॉनची नळी कुठे वापरली असेल तर आजच काढा, तेलाने ती फुगते आणि जोडातून निसटते.

मी आयुष्यभर मोठ्या विमानांच्या देखभालीत होतो. तिथेही तत्त्व हेच. रेड अॅरोजच्या (ब्रिटिश हवाई दलाच्या कसरती टीमच्या) हॉकच्या पोटाखाली एक पॉड असतो, त्यातलं डिझेल एक्झॉस्टच्या तोंडाशी सोडतात आणि पांढरा धूर होतो. लाल-निळ्यासाठी त्या डिझेलमध्ये रंग मिसळतात. इंजिनाच्या आत ते काहीही घालत नाहीत, सगळं बाहेर, झोताच्या तोंडाशी. आपल्या सूर्यकिरणच्या हॉकचा तिरंगी धूर निघतो ते पॉड आमच्या नाशिकच्या हवाई दलाच्या बेस रिपेअर डेपोत तयार झाले, हे सांगताना आजही छाती भरून येते. तुमच्या हॉकला तोच रंग दिलाय हे वाचून फार बरं वाटलं.

फक्त एक विनंती. मॉडेलमध्ये रंगीत धुराच्या नादी लागू नका. रंग उरतो तो पंखांवर आणि प्रेक्षकांच्या कपड्यांवर.

-----

झोत

ओझरवाले काकांना पूर्ण अनुमोदन. आता तुझ्या मिक्सकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा धोका तिथे दडलाय आणि तो तू अजून पाहिलेला नाहीस.

"थ्रॉटल ५०% च्या वर" ही अट काडीची आहे. म्हणजे ट्रान्समीटरच्या काडीची, टर्बाइनची नव्हे. आयडलवरून, म्हणजे टर्बाइनच्या सगळ्यात मंद चालीवरून, काडी एकदम पुढे सारलीस तर ती क्षणात १००% ला पोहोचते. टर्बाइनला आयडलच्या ३५,००० आरपीएमवरून (मिनिटाला फेरे) सव्वा लाखाकडे जायला तीन-चार सेकंद लागतात. तेवढा वेळ पंप पूर्ण जोराने तेल ओततोय आणि झोत आयडलचा आहे. आयडलला थ्रस्ट किती? सहा-सात न्यूटन. म्हणजे झुळूक. रेवाताई म्हणाल्या ती उसंत तू तेलाला दर वेळी देतोयस.

आता याचं दुसरं टोक. दोन वर्षांपूर्वीची माझीच गोष्ट. लूपच्या माथ्यावर, धूर चालू, काडी पूर्ण पुढे, आणि इंधनाच्या नळीत हवेचा बुडबुडा आला. फ्लेमआउट, म्हणजे टर्बाइन विझलं. आवाज गेला की माणसाचं सगळं लक्ष विमान खाली आणण्याकडे जातं. माझंही गेलं. गिअर, फ्लॅप्स, वाऱ्याची दिशा. काडी मागे ओढायची राहिली, स्विचचं तर नावच नाही. रिसीव्हरच्या दृष्टीने थ्रॉटल ५०% च्या वर, स्विच चालू, मग पंप बंद का व्हावा? सव्वा मिनिट तो तापलेल्या ट्यूबमध्ये तेल ओतत राहिला आणि ते बाहेर फेकायला झोतच नव्हता. उतरणं छान झालं. टाळ्याही पडल्या. मी चालत विमानापाशी पोहोचेपर्यंत शेपटीतून नारिंगी ज्योत दिसायला लागली होती. सीओटूचा अग्निशामक घेऊन मित्र धावला म्हणून फ्यूजलाज (विमानाचं धड) वाचलं. रडरचा खालचा अर्धा भाग आणि एलेव्हेटरचे दोन्ही सर्व्हो गेले. तो जळक्या फायबरचा वास अजून नाकात आहे.

त्यानंतर माझ्या एकाही विमानात पंप काडीवर चालत नाही. तुझ्या इसीयूची टेलिमेट्री (उडत्या विमानातून येणारे आकडे) ट्रान्समीटरवर येत असेल, तर लॉजिकल स्विच आरपीएमवर लाव. माझी अट अशी: आरपीएम ८५,००० च्या वर, स्विच चालू, आणि दोन्ही गोष्टी सलग एक सेकंद टिकल्या तरच पंप सुरू. बंद होताना मात्र क्षणाचाही उशीर नको. आरपीएम खाली गेला, किंवा टेलिमेट्रीच तुटली, तरी पंप बंद. फेलसेफमध्येही (रेडिओचा संपर्क तुटला तरी) बंद. टेलिमेट्री नसेल तर काडीच ठेव, पण सुरू व्हायला चार सेकंदांचा विलंब घाल, आणि फ्लेमआउट झाला की पहिलं बोट स्मोकच्या स्विचवर जायला हवं, याची जमिनीवर उभं राहून तालीम कर. मी अजूनही करतो.

आणि पंपाची वीज इसीयूच्या बॅटरीतून घेतोस ती आधी तोड. पंप अडकला की तो दाबून करंट ओढतो. धुरापायी टर्बाइनचा मेंदू झोपायला नको. छोटी वेगळी टू-एस (दोन सेलची) बॅटरी पुरते.

-----

मुठाकाठ

झोतदादा, अंगावर काटा आला वाचून.

एक बाळबोध प्रश्न. पुण्यात हे सगळं उडवायचं तर कायद्याने कसं? माझ्या ईडीएफसाठीही मी गोंधळलेलाच आहे.

-----

ओझरवाला

ड्रोन नियम २०२१ मध्ये 'मॉडेल' हा वेगळा प्रकार आहे: एकूण वजन २५ किलोपर्यंत, शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणुकीसाठी, आणि नजरेच्या टप्प्यातच उडवायचं. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा उघडून आधी तुमचं मैदान कुठल्या रंगात आहे ते पाहा. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. लोहगावमुळे पुण्याचा मोठा भाग हिरव्यात बसत नाही, म्हणून शहराबाहेर जाणंच बरं. मैदानाच्या मालकाची परवानगी आणि जवळच्या पोलीस ठाण्यात आगाऊ कल्पना, हे माझ्याकडून. टर्बाइनचा आवाज आणि वर धूर, गावकऱ्यांना विमान पडल्यासारखं वाटतं.

-----

रेवा_न

तेलाचं राहिलं होतं. डिझेल चालतं, पण त्यात हलके-जड असे बरेच घटक मिसळलेले असतात. हलके घटक धूर न होताच विरतात, ॲरोमॅटिक घटकांचा वास आणि काजळी येते. केरोसीन तर याहून हलकं, त्याचा धूर टिकतच नाही. स्मोक ऑइल म्हणून मिळतं ते बहुतेक शुद्ध पॅराफिनिक खनिज तेल असतं: फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) उंच, वास जवळजवळ नाही, थेंब टिकाऊ. भारतात ज्यांना ते मिळत नाही त्यांनी लाइट लिक्विड पॅराफिन करून पाहावं, आमच्या ह्यांनी नागपूरला असताना तेच वापरलं होतं. जड ग्रेड घेऊ नका, पंपाला ओढवत नाही आणि थंडीत तर नाहीच.

शिवाय हवाही बघा. टेक्सासच्या भर दुपारी, चाळीस अंशांत आणि वाऱ्यात उत्तम धूरही लवकर विरेल. सकाळी सातला तेच तेल तिप्पट वेळ टिकल्यासारखं दिसेल.

-----

उनाड_पतंग

तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळं उचकटून नव्याने बसवलं.

दोन स्टेनलेस नळ्या, तीन आणि नऊ वाजता, फटीत, ५ मिमी. बसवताना ड्रिलच्या ५ मिमी बिटचा दांडा मापासाठी धरला, दोन्ही बाजूंना सारखं अंतर आलं. वन-वे व्हॉल्व्ह आणि सोलेनॉइड दोन्ही लावले. टाकी बरोबर सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीवर सरकवली, म्हणजे भरलेली काय आणि रिकामी काय, तोल तोच. ७०० मिली तेल म्हणजे सहाशे ग्रॅम तर आहेच. वेगळी बॅटरी. मग टाकी भरून विमान एक रात्र शेपटी खाली करून ठेवलं, ट्यूबखाली वर्तमानपत्र. सकाळी कागद कोरडा.

पंपाचं मोजमाप केलं. नळ्या बाहेर काढून मापाच्या भांड्यात सोडल्या, हातात स्टॉपवॉच. आधीच्या सेटिंगला मिनिटाला ६१० मिली येत होतं, म्हणजे टर्बाइन पूर्ण जोरात जेवढं इंधन पितं त्याहून जास्त! आता ३४० वर आणलंय. पंप मोठा घ्यायला निघालो होतो, प्रत्यक्षात तो जवळपास निम्मा करावा लागला.

आरपीएमची अट झोतदादांनी सांगितली तशीच. जमिनीवरची चाचणी वाऱ्याकडे तोंड करून, विमान बांधून, दोन-दोन सेकंदांचेच झटके. मित्र सीओटू घेऊन शेजारी उभा होता, पावडरचा सिलेंडर आम्ही मुद्दाम लांब ठेवला, कारण ती पावडर टर्बाइनच्या बेअरिंगची वाट लावते. काडी फटकन पुढे केली आणि मनात मोजत राहिलो. एक, दोन, तीन, आवाज चढला, चार, आणि मग शेपटीतून पांढरी दोरी सरळ बाहेर आली. निळसरपणा नावाला नाही.

शनिवारी सकाळी साडेसातला उडवलं. मैदानावर आम्ही चौघंच होतो. पहिल्याच लूपची रेघ दुसरा लूप संपेपर्यंत वर होती. विमान स्वतःच्याच रेघेतून आरपार गेलं तेव्हा मला काही क्षण नीट दिसेना, चष्मा पुसायलाही हात मोकळा नव्हता.

बाबांचं तिकीट १२ नोव्हेंबरचं आहे.

आता एकच राहिलं. आधीचे पिवळट ओघळ पांढऱ्या रंगावरून निघत नाहीयेत. थिनर लावायची भीती वाटते, तिरंग्याचे स्टिकर अगदी शेजारी आहेत.

-----

ओझरवाला

थिनर नको. कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण, मऊ फडकं, आणि पुढून मागे असंच पुसायचं, म्हणजे पाणी स्टिकरच्या कडेखाली शिरत नाही. दोनदा-तीनदा करावं लागेल. वाळल्यावर मेणाचा एक हात द्या. पुढच्या वेळी तेल लागलं तरी नुसत्या फडक्याने निघेल, मात्र त्याच दिवशी पुसा, रात्रभर ठेवू नका.

आणि तिकडे बाबा आले की एक फोटो इथे टाका, विमानाचा नको, रेघेचा.